काय वाचू? : तेरा ते अठरा वयाच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही टीनएजर मुलामुलींच्या वाचनाबद्दल प्रश्न मागवले होते आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून इतके आले की या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिलीये. उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगून टाकते. आपल्याकडे पुस्तकांच्या दुकानात एक बालसाहित्याचं कपाट असतं आणि त्याच्यानंतर थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या, मधल्या वयाचं कपाटच नसतं, त्यामुळे बऱ्याच जणांचा समज होतो की या वयाला मराठीत काही नाहीच. आहे, आणि खूप चांगलं आहे, फक्त ते मोठ्यांच्या कपाटात ठेवलंय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला बक्षीस समारंभात बोधकथा देऊ नका हो, तो त्याच्या दुप्पट पुढे गेलेला असतो. म्हणून खाली मी सुचवलेली बरीच पुस्तकं कुणी "मुलांसाठी" म्हणून लिहिलेली नाहीत, आणि ती मी मुद्दाम सुचवतेय.

ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. इंग्रजीतल्या जादूच्या जाडजाड सिरीज एकापाठोपाठ एक संपवतो पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन पानांत बोअर झालं म्हणतो. त्याच्यासाठी मराठीत काही मिळेल का? – एक बाबा, नाशिक

जादूची शाळा, ड्रॅगन, सात भाग चालणारी लढाई, अगदी तसंच मराठीत शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. पण आधी त्याला विचारा की त्या पुस्तकांत नक्की काय आवडतं, कारण सगळ्याच मुलांना जादू आवडते असं नसतं, काहींना रहस्य आवडतं, काहींना भीती आवडते, काहींना एक वेगळंच जग उभं राहिलेलं आवडतं.

वेगळं जग हवं असेल तर डॉ. जयंत नारळीकर. "वामन परत न आला" पासून सुरुवात करा. जमिनीच्या खूप खाली एक प्रचंड घन सापडतो, तो आपल्या आधी होऊन गेलेल्या आणि नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा असतो, त्यातली माहिती उलगडत उलगडत आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवतात आणि मग प्रश्न उभा राहतो की ती संस्कृती मुळात संपली कशामुळे. आज सगळीकडे एआय-एआय चाललंय त्यात तेरा वर्षांच्या मुलाने हे वाचलं तर जेवणाच्या टेबलावर तो तुम्हाला जे प्रश्न विचारेल त्याची तयारी ठेवा. त्यानंतर "प्रेषित" आणि "व्हायरस". आणि त्याला नारळीकरांची ही गोष्ट नक्की सांगा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी "कृष्णविवर" ही कथा पाठवली तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून "नारायण विनायक जगताप" असं खोटं नाव घेतलं, आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. मुलांना हा किस्सा फार आवडतो, पुस्तक उघडायला तेवढं कारण पुरतं. मे २०२५ मधे नारळीकर गेले, तेव्हा किती तरी लोकांनी लिहिलं की शाळेत असताना त्यांच्या कथा वाचून आम्ही सायन्सकडे वळलो.

भीती आवडत असेल तर नारायण धारप. त्यांचे "समर्थ" आणि त्यांच्या गोष्टी सांगणारे अप्पा जोशी या जोडीच्या कथा तेराव्या वर्षाला एकदम बरोबर बसतात, वाईट शक्ती आहे, माणसं हादरलेली आहेत, आणि समर्थ आल्यावर जरा श्वास घेता येतो. "लुचाई" मात्र दोन वर्षं थांबून द्या, ती खरंच भीतीदायक आहे. "तुंबाड" सिनेमा त्याने बघितला असेल किंवा नाव ऐकलं असेल, त्याच्या मुळाशीही धारपांची कथा आहे हे सांगितलंत तर तो स्वतःच मागेल.

आणि तुम्ही नाशिकचे आहात म्हणून अजून एक, पण हे पंधरा-सोळाव्या वर्षी. मुरलीधर खैरनार यांची "शोध". शिवाजी महाराजांनी १६७० मधे दुसऱ्यांदा सुरत लुटली, त्या खजिन्याचा काही भाग नाशिकच्या डोंगराळ भागात राहिला असं धरून आजच्या काळातली माणसं त्याच्या मागे लागतात. जाड आहे पण पळतं. तुमच्याच जिल्ह्यातले डोंगर आणि गावं त्यात आहेत, वाचून झाल्यावर गाडी काढून त्याला घेऊन फिरा.

मी आठवीत आहे. मी फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे सगळं वाचलंय. मला एकच विचारायचंय, सगळ्या पुस्तकांत हिरो मुलगाच का असतो? मुलगी हिरो असलेली पुस्तकं सांगा. – एक वाचक, सांगली

अगं, या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुझा आहे. तू म्हणतेस ते अगदी खरं आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून येऊन सायकलवरून अख्खं पुणं पालथं घालतो आणि काश्मीरपर्यंत पोचतो, ते मलाही प्रचंड आवडतं, पण त्याच्या बरोबरीची एखादी मुलगी, स्वतःच्या नावाने वीस पुस्तकं असलेली, मराठीत झाली नाही. ना. धों. ताम्हनकरांनी "गोट्या" लिहिला तशी "चिंगी"ही लिहिली, पण गोट्याची टीव्ही सिरियल झाली आणि तो घराघरात गेला, चिंगी मागे राहिली. तू ती शोधून वाच, जुन्या लायब्ररीत मिळेल.

आता तुझ्या वयाला मी ज्या दोन पुस्तकांसाठी हट्ट धरीन ती सांगते.

पहिलं "चौघीजणी". लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची कादंबरी, मराठीत आणली शांता शेळके यांनी. चार बहिणी, बाबा युद्धावर गेलेले, घरात पैशांची ओढाताण. त्यातली ज्यो तुला आवडेलच, कारण ती धावते, शिट्ट्या मारते, माळ्यावर बसून गोष्टी लिहिते, चिडते, आणि चिडल्यावर तिच्या हातून जे होतं त्याचं तिला नंतर खूप वाईट वाटतं. दीडशे वर्षांपूर्वीची परदेशातली गोष्ट आहे पण बहिणीबहिणींमधलं भांडण जसंच्या तसं आपल्या घरातलं वाटतं. शांताबाईंचं मराठी इतकं सहज आहे की दहाव्या पानानंतर आपण अनुवाद वाचतोय हे विसरायला होतं.

दुसरं पुस्तक कादंबरी नाही, पण कादंबरीसारखंच वाचायचं, लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे". हे नाव मराठीच्या पुस्तकात धडा म्हणून भेटलं असेल तर तो धडा विसर आणि अख्खं पुस्तक घे. १९३४ ते ३६ च्या दरम्यान ते चार भागांत आलं. सुरुवातीला ती मनू आहे, लहान मुलगी, वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घरातल्या सगळ्यांचं जगणं अवघड झालेलं, त्यातून ती ज्या नजरेने सगळं बघते आणि सांगते ते वाचताना मोठ्याने हसू येतं. मग लहानपणीच लग्न, नवरा कवी, विलक्षण हुशार आणि तितकाच लहरी, तो पुढे ख्रिस्ती होतो तेव्हा ती एकटी पडते, आणि मग हळूहळू स्वतःच्या डोक्याने विचार करून स्वतःचा रस्ता ठरवते. या बाईला शाळा मिळाली नव्हती! एवढं मोठं धैर्य आणि एवढी विनोदबुद्धी एकत्र मला दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकात सापडलेली नाही, आणि तू हिरो विचारलास ना, तर ही आहे.

अजून एक छोटंसं, "तोत्तोचान". जपानी आहे, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत केलंय, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे त्यामुळे स्वस्त मिळतं. वर्गाच्या खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते म्हणून शाळेतून काढलेली मुलगी आणि रेल्वेच्या डब्यांत भरणारी तिची नवी शाळा. आठवीला ते सोपं जाईल, तरी वाच, शेवटी युद्ध येतं तिथे ते लहान मुलांचं पुस्तक राहत नाही.

पण आजची, मोबाईल असलेली, क्लासला जाणारी, सांगलीत नाहीतर लातूरला राहणारी चौदा वर्षांची मुलगी नायिका असलेली जोरदार मराठी कादंबरी? ती मला तुला मनापासून सुचवता येत नाहीये. लिहिणाऱ्या सगळ्यांना मी इथूनच सांगते की सांगलीची एक वाचक वाट बघतेय. आणि तू स्वतः काही लिहीत असशील तर थांबू नकोस.

माझी मुलगी दहावीला जाईल, तिच्या दप्तरात "दुनियादारी" सापडली. त्यात दारू, सिगरेट, प्रेमप्रकरणं सगळं आहे असं ऐकलंय. काढून घेऊ का? – एक आई, ठाणे

काढून घेऊ नका. काढून घेतलीत तर ती मैत्रिणीकडे बसून वाचेल आणि तुमच्याशी त्याबद्दल बोलायचा रस्ता बंद होईल. सुहास शिरवळकरांची ही कादंबरी १९८२ ची, म्हणजे तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनीही अशीच लपवून वाचली असेल. पुण्यातलं कॉलेज, कट्टा, मित्र, घरातून तुटलेला एक मुलगा. हो, त्यात तुम्ही म्हणता ते सगळं आहे. पण ती वाचून मुलं दारू प्यायला लागत नाहीत, त्यांना त्यातली मैत्री लक्षात राहते, आपल्यासाठी जीव टाकणारे चार जण असावेत ही त्या वयातली जी ओढ असते ना, ती शिरवळकरांनी बरोबर पकडली आहे. मला स्वतःला त्यातलं काही फार नाटकी वाटतं, आणि मुलींची पात्रं जरा वरवरची वाटतात, पण हे मी तिला आधीच सांगणार नाही, तिचं तिला वाटू दे.

तुम्ही एक करा, ती संपली की तिच्या हातात मिलिंद बोकील यांची "शाळा" द्या. आणि आधी स्वतः वाचा, दोन दिवसांत होते. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या, अर्धवट बांधलेल्या एका बिल्डिंगमधला त्यांचा अड्डा, आणि वर्गातली शिरोडकर. काळ आणीबाणीचा आहे. मुलं आपापसात जशी बोलतात तशीच बोलतात, शिव्यांसकट, त्यामुळे काही पालक नाक मुरडतात. पण हे पुस्तक त्या वयाचा जितका मान ठेवतं तितका फार कमी पुस्तकं ठेवतात. मुकुंदला शिरोडकर आवडते म्हणजे काय होतं, तर ती कुठल्या रस्त्याने क्लासला जाते ते पाठ होतं, एका वाक्यासाठी आठवडाभर तयारी होते, आणि ते वाक्य बोलल्यावर पुन्हा आठवडाभर त्याचाच विचार. याला थिल्लरपणा म्हणून उडवून लावायचं नसतं हे बोकिलांना कळलंय. पुस्तकात एक नरूमामा आहे, मुकुंद ज्याच्याशी मोकळं बोलू शकतो असा एकच मोठा माणूस. तुम्ही काळजी करताय म्हणून सांगते, त्या नरूमामाकडे नीट बघा, तो काय विचारतो आणि काय विचारत नाही.

आणि तुमच्या मुलीशी बोलायला एक चांगला विषय देते. अख्खं पुस्तक मुकुंदच्या डोक्यातून आहे, शिरोडकर आपल्याला फक्त त्याच्या नजरेतून दिसते. तिला विचारा, हेच सगळं शिरोडकरने सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? माझ्या ओळखीतल्या मुलींना मी हा प्रश्न विचारते, दर वेळी वेगळं उत्तर मिळतं आणि गप्पा तासभर चालतात.

लंपनची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची? मधूनच सुरू केलं तर चालेल का? – बेळगाव

"वनवास", मग "शारदा संगीत", मग "पंखा", शेवटी "झुंबर". प्रत्येक कथा सुटी वाचता येते, पण कृपया क्रम मोडू नका. लंपन या चार पुस्तकांत मोठा होत जातो आणि "झुंबर" पर्यंत येताना जे घडतं ते आधीच्या तिन्हींतून गेल्याशिवाय तेवढं आत पोचत नाही. आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा, जो स्वतःला मॅड समजतो, प्रत्येक गोष्टीला कायतरी भलामोठा आकडा लावतो, आणि सुमीबद्दल त्याला काय वाटतं ते त्याला सांगता येत नाही. प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि लिहिलं ते हे, थोडंच, पण काय लिहिलं! तुम्ही बेळगावचे म्हणजे तुमचं भाग्य, त्यातलं कानडी वळणाचं मराठी तुमच्या कानातलंच आहे, आम्हाला ते शिकत शिकत वाचावं लागतं. वेब सिरीज आली आहे, ती नंतर बघा.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये शिकवतो. लायब्ररीसाठी थोडेसे पैसे मिळाले आहेत, आठवी ते दहावीसाठी आधी काय घ्यावं? मुलं शेतकरी, मजूर घरातली आहेत. – एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

सर, "श्यामची आई" तुमच्याकडे असणारच, ती असू द्या, पण नवे पैसे दुसरीकडे घालवा.

आधी "झोंबी". आनंद यादव, कागलचे. शाळेत हुशार असलेला मुलगा, आणि शेतावर हात हवेत म्हणून त्याला शाळेतून काढणारा बाप. शिकायला मिळावं म्हणून तो पोरगा घरच्यांशी, गरिबीशी, ढोरकष्टाशी जी झोंबी घेतो ती पानापानावर आहे. १९९० मधे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पु. ल. देशपांड्यांनी प्रस्तावना लिहिली, पण तुमच्या मुलांना त्याचं काही नाही, त्यांना हे दिसेल की आपल्यासारखं घर पुस्तकात आहे. शहरातली मुलं हे पुस्तक वाचून हळहळतात, तुमच्या वर्गातली काही मुलं मान हलवतील की हो, असंच असतं. भाषा कोल्हापूरकडची आहे, तुमच्याकडची नाही, पण पोरं दोन पानांत सरावतात. जाड आहे म्हणून घाबरू नका, तुम्ही ऑफ तासाला सुरुवातीची पंचवीस-तीस पानं मोठ्याने वाचा आणि नेमकं रंगात आलं की तास संपवा.

मग व्यंकटेश माडगूळकरांची "बनगरवाडी", १९५५ ची, बारीकशी. पोरगेलासा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि बंद पडलेली शाळा सुरू करायला बघतो. ही तुम्हीही वाचा, आधी वाचली असेल तरी परत वाचा, शिक्षकाने वाचली की तिच्यात वेगळंच दिसतं. आणि अण्णा भाऊ साठे यांची "फकिरा". ज्यांना शाळा जवळपास मिळालीच नाही अशा माणसाने लिहिलेली ही कादंबरी आहे हे मुलांना आवर्जून सांगा. वारणेच्या खोऱ्यातलं गाव, दुष्काळ, भुकेली माणसं, इंग्रजांचं राज्य आणि त्याच्याशी भिडणारा फकिरा. नुसतं साहस म्हणून वाचलं तरी थरार आहे, आणि कोण कुणासाठी लढतंय हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, ते पान मुलांना दाखवा.

पैसे उरले तर अरुण साधूंची "झिपऱ्या", मुंबईत रेल्वे स्टेशनवर बूटपॉलिश करणारा पोरगा आणि त्याची टोळी. दहा वेगळी पुस्तकं एकेक आणण्यापेक्षा चार-पाच पुस्तकांच्या तीन-तीन प्रती घ्या असा माझा आग्रह आहे, कारण एकाच वेळी तिघांनी तेच वाचलं की ते डबा खाताना त्याच्यावर बोलतात आणि मग चौथा मागायला येतो. आणि फुकटात, बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचायला ठेवलेत, शाळेत प्रोजेक्टर असेल तर भिंतीवर लावा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा चौदाचा, मराठी छान बोलतो, शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं शिकलाय पण वाचायचा स्पीड फार कमी आहे. त्याच्या वयाचं पुस्तक झेपत नाही आणि झेपणारं पुस्तक बाळबोध वाटतं. – एक आई

तुमची अडचण मला पूर्ण कळली, आणि त्यावर उपाय म्हणजे कानाने वाचणं. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, गाडीत लावा, आणि त्याच वेळी छापील पुस्तक त्याच्या हातात असू दे म्हणजे ऐकता ऐकता डोळे ओळीवरून फिरतात. सुरुवात दिलीप प्रभावळकरांच्या "बोक्या सातबंडे" पासून. बोक्या त्याच्यापेक्षा लहान आहे, तरी चालेल, कारण या गोष्टी आधी आकाशवाणीसाठी लिहिलेल्या होत्या, त्यामुळे वाक्यं बोलल्यासारखी आहेत आणि प्रकरणं छोटी. मग फास्टर फेणे, त्यातलं "जवानमर्द फास्टर फेणे" आधी, चीनच्या युद्धाची पार्श्वभूमी आहे, चौदा वर्षांच्या मुलाला ते बाळबोध वाटणार नाही.

आणि रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी "शाळा" मोठ्याने वाचून दाखवा. चौदा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचं म्हणजे कसंतरी वाटेल, पहिले चार दिवस तो पण लाजेल, तरी करा. त्याला समजणारं मराठी हे बोलीतलं मराठी आहे आणि ते पुस्तक तसंच बोलतं.

मला प्राणी आवडतात, कुत्र्यामांजरांच्या गोड गोष्टी नकोत, खरं काहीतरी हवं. नववी, रत्नागिरी

"पाडस". दुसरं काही सांगायच्या आधी हे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेची कादंबरी, १९३९ मधे तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला, मराठीत राम पटवर्धनांनी आणली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या जंगलात एकटंच एक घर, ज्योडी नावाचा मुलगा, आई, आणि त्याचा बाप पेनी. बापाला साप चावतो, विष उतरवायला तो समोर दिसलेली हरणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो, आणि मग मागे राहिलेलं तिचं पाडस ज्योडी घरी आणतो. पुढे ते पाडस वाढतं आणि त्या घराचं पोट ज्या पिकावर आहे ते खायला लागतं. बस, पुढचं सांगत नाही.

पुस्तकात शिकार आहे, पूर आहे, भूक आहे, जंगलाचे वास आहेत, आणि प्राण्यावर प्रेम करणं आणि प्राणी मारून जगणं एकाच घरात कसं चालतं ते कुठेही न लपवता लिहिलंय. पेनी हा मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांतला सगळ्यात चांगला बाप आहे. मुलाशी तो कधी खोटं बोलत नाही, शेवटी सगळ्यात कठीण गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा पण नाही. तू रडशील, आणि ते रडणं तुझ्या लक्षात राहील. पटवर्धन "सत्यकथा" मासिकाचे संपादक होते, शब्दन्शब्द तोलून घेणारा माणूस, तो तोल या अनुवादात दिसतो, रानातल्या माणसांची बोली मराठीत काय सुरेख उतरली आहे बघ. सुरुवातीला झाडापानांची वर्णनं लांबली असं वाटेल, टाळू नकोस, पुढे त्याच जंगलात ज्योडी हरवल्यासारखा फिरतो तेव्हा आपल्याला वाटा माहीत असाव्या लागतात.

त्यानंतर माडगूळकरांची "सत्तांतर". पात्रं सगळी वानरं. टोळी, टोळीचा प्रमुख, जागेसाठी आणि माद्यांसाठी लढाई, आणि लेखक कुठेही त्यांना माणसासारखं बोलायला लावत नाही. छोटी आहे, एका बैठकीत होईल, पण हिंसा आहे, मनाची तयारी ठेव.

मी सोळा वर्षांचा आहे, मला लव्हस्टोरी अजिबात नको, आणि इतिहासाच्या कादंबऱ्या घरात सगळ्या वाचून झाल्या. काहीतरी दमदार सांगा. – कोल्हापूर

प्रभाकर पेंढारकरांची "रारंगढांग". तू कोल्हापूरचा म्हणून सांगते, हे चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचे चिरंजीव, स्वतः माहितीपट बनवायचे. मुंबईतली नोकरी सोडून विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण इंजिनियर हिमालयात रस्ता बांधायला जातो, समोर उभा सरळ कडा, म्हणजे ढांग, तो फोडून त्यातून रस्ता काढायचाय. वरून दगड येतात, माणसं मरतात, लष्कराची शिस्त एकीकडे आणि हाताखालच्या मजुरांचा जीव एकीकडे, आणि त्या दोन्हींत विश्वनाथला जे बरोबर वाटतं ते तो करतो आणि गोष्ट कोर्टमार्शलपर्यंत जाते. इंजिनियरिंगचा विचार करत असशील तर कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकाआधी हे वाच. न करणार असशील तरी वाच.

बारावी झाली, गावाकडून पुण्यात हॉस्टेलला आलोय. कुणाशी फार जमत नाही, कॉलेजमध्ये पण मन लागत नाही. एका मित्राने "कोसला" वाच म्हणून सांगितलं, पण दुसरा म्हणाला ते डिप्रेसिंग आहे. काय करू? – एक वाचक, मूळ गाव जळगाव जिल्हा

वाच. भालचंद्र नेमाडे तुझ्याच भागातले आणि "कोसला" १९६३ मधे आली तेव्हा ते पंचविशीत होते. त्यातला पांडुरंग सांगवीकर पण तुझ्यासारखाच खानदेशातल्या गावातून पुण्याला हॉस्टेलवर येतो, मेस, गॅदरिंग, उधाऱ्या, वडिलांचे पैसे, परीक्षा, सगळं येतं आणि त्याला कशातच अर्थ वाटत नाही. तुझा दुसरा मित्र म्हणतो ते पण चुकीचं नाही, त्यात धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं जे प्रकरण आहे ते वाचून भलेभले हलतात, ते रात्री एकट्याने वाचू नकोस, दिवसा वाच आणि वाचून झालं की बाहेर पड, चहा पी, घरी फोन कर. पण बाकीचं पुस्तक भयंकर विनोदी आहे रे, हे लोक सांगतच नाहीत! हॉस्टेलमधल्या भानगडी वाचताना तू खोलीत एकटा हसशील.

एक मात्र आहे, पांडुरंग जे ठरवतो ते सगळं तुला पटलंच पाहिजे असं नाही. तो सोडून देतो म्हणून तू कॉलेज सोडायचं नाही. आणि मन न लागणं बरेच आठवडे टिकलं, झोप-जेवण बिघडलं, तर पुस्तकावर विसंबू नकोस, बऱ्याच कॉलेजांत समुपदेशक असतात त्यांच्याकडे जा, घरी आईला नाहीतर मोठ्या भावाबहिणीला स्पष्ट सांग. तोवर ज्या मित्राने पुस्तक सुचवलं त्यालाच विचार की तुझी प्रत देतोस का, आणि परत करायला गेलास की जरा बस त्याच्याकडे, "कोसला" वाचलेल्या दोन माणसांना बोलायला विषय कमी पडत नाही.